मित्रांचा दबाव मोजायचा आहे? आधी शब्द ठरवा

शाळाशाळांतून होणाऱ्या विज्ञान-प्रकल्पांत गांडूळखत, सौरचूल आणि विहिरीच्या पाण्याची तपासणी यांच्या जोडीला एक वेगळा विषय आता वरचेवर दिसतो. तो म्हणजे मित्रांचा मुलांवर पडणारा दबाव. विषय उत्तम आहे. त्याला काचसामान लागत नाही, वीज लागत नाही आणि अभ्यास करणारे व ज्यांचा अभ्यास करायचा ते एकाच वयाचे असतात. १९९३ साली राष्ट्रीय बालविज्ञान परिषद सुरू झाली, तेव्हापासून आपल्या परिसरातलाच एखादा प्रश्न घेऊन, माणसे आणि आकडे गोळा करून प्रकल्प करण्याची वाट विद्यार्थ्यांना चांगलीच परिचयाची झाली आहे. अशा प्रकल्पांचे तक्ते पाहताना माझी नजर रंगीत आलेखांवर न थांबता प्रथम प्रश्नावलीकडे जाते. तिथे बहुधा हा प्रश्न असतो :

‘तुमच्यावर मित्रांचा दबाव येतो का? हो / नाही.’

समजा, हा प्रश्न नववीतल्या तिघांना विचारला. पहिल्याला आठवते की काल मधल्या सुट्टीत ‘चल, आज शिकवणी बुडवू’ म्हणून दोघांनी त्याला हाताला धरून ओढले होते. दुसरीला कोणी काहीच म्हटलेले नाही. पण वर्गातल्या सगळ्या मैत्रिणींकडे मोबाइल आहे नि आपल्याकडे नाही, हे तिला दिवसभर टोचत असते. तिसऱ्याच्या बाकावरचे दोघे रोज गणिते सोडवून येतात, म्हणून हाही सोडवू लागला आहे. तिघेही ‘हो’ वर खूण करतात आणि तुमच्या वहीत ‘हो’ ची संख्या तीन होते. तीन मीटर, तीन किलो आणि तीन सेकंद यांची बेरीज नऊ झाली असे कोणी लिहिले तर तुम्ही हसाल. इथे मात्र तीच बेरीज झाली आहे, आणि कोणी हसत नाही.

या बेरजेचे पुढे काय होते तेही पाहा. ‘आमच्या शाळेतल्या बहुसंख्य मुलांवर मित्रांचा दबाव आहे’ असे वाक्य तक्त्याच्या तळाशी येते. ते मुख्याध्यापक वाचतात आणि वर्गातल्या जोड्या फोडून बाके बदलतात. ते पालक वाचतात आणि मुलीचे मैत्रिणीकडे अभ्यासाला जाणे बंद होते. म्हणजे गणिते सोडवून येणाऱ्या मुलाचाही शेजार तुटला! आकडा एकदा भिंतीवर लागला की तो काम करू लागतो. म्हणून तो कशाचा आकडा आहे हे आधी ठरवलेले असावे.

मी पदार्थविज्ञान शिकवतो, तेव्हा माझ्या ओळखीच्या दाबापासून सुरुवात करतो. ‘दाब’ हा शब्द पदार्थविज्ञानाने घरातूनच उचलला आहे. घरात आपण जोर, वजन, भार, दाब हे शब्द एकमेकांच्या जागी खुशाल वापरतो. विज्ञानाने त्यातला एक शब्द बाजूला काढून त्याला कुंपण घातले : दाब म्हणजे एकक क्षेत्रफळावर लंब दिशेने पडणारे बल. हे कुंपण घातले तेव्हाच कळले की बोथट विळीवर जितका जोर लावतो तितकाच धारदार विळीवर लावूनही भोपळा झटकन का चिरतो. जोर तोच, क्षेत्रफळ कमी, म्हणून दाब जास्त. ‘जोर’ आणि ‘दाब’ हे एकच मानले असते तर हे कोडे सुटलेच नसते.

याच दाबाच्या अभ्यासात आयुष्य घालवणारे एक शास्त्रज्ञ अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात होते, पर्सी ब्रिजमन. अतिउच्च दाबाखाली पदार्थांचे काय होते यावरील कामासाठी त्यांना १९४६ चे पदार्थविज्ञानाचे नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांनी गाठलेले दाब इतके मोठे होते की तिथे जुनी दाबमापके उपयोगी पडत नसत. मग दाब मोजायचा कसा? ब्रिजमन यांनी मँगनिन नावाच्या मिश्रधातूची तार घेतली. दाब वाढला की तिचा विद्युतरोध अगदी थोडा, पण नियमितपणे वाढतो. ही तार पडताळून घेण्यासाठी त्यांनी एक ठाम खूण वापरली : शून्य अंश सेल्सिअस तापमानाला पारा सुमारे साडेसात हजार वातावरणांच्या दाबाखाली गोठतो. तारेचा रोध मोजायचा आणि त्यावरून दाब सांगायचा. म्हणजे तिथे ‘दाब’ या शब्दामागे एक ठराविक कृती उभी होती.

याच ब्रिजमन यांनी १९२७ साली एक पुस्तक लिहून असे मांडले की विज्ञानातल्या कोणत्याही संकल्पनेचा अर्थ म्हणजे ती मोजण्यासाठी आपण करतो त्या कृती. टेबलाची लांबी आपण पट्टी ठेवून मोजतो आणि ताऱ्याचे अंतर प्रकाशाच्या साहाय्याने. कृती दोन आहेत, तेव्हा काटेकोरपणे बोलायचे तर संकल्पनाही दोन आहेत, इथपर्यंत ते गेले. हे मत टोकाचे आहे आणि सर्वच शास्त्रज्ञांना ते पटलेले नाही. मलाही ते पूर्ण पटत नाही. पण ‘कृतीतून सांगितलेली व्याख्या’ ही त्यातली कल्पना मानसशास्त्रज्ञांनी उचलली, आणि मनासारखी न दिसणारी गोष्ट अभ्यासायची तर तिच्याइतके उपयोगी हत्यार नाही. तिला कार्यकारी व्याख्या म्हणतात. शब्दकोशातली व्याख्या एका शब्दाचा अर्थ दुसऱ्या शब्दांत सांगते. कार्यकारी व्याख्या काय पाहायचे, काय विचारायचे आणि काय मोजायचे ते सांगते.

आता आपल्या विषयाकडे वळू. ‘किशोरवयीनांवरील समवयस्कांचा दबाव’ यात शब्द तीन आहेत, आणि तिन्ही निसरडे आहेत.

किशोरवयाचे लवकर आटोपते. जागतिक आरोग्य संघटना १० ते १९ वर्षे हा टप्पा धरते. इंग्रजीतला ‘टीनएजर’ १३ ते १९ चा, कारण त्या भाषेत तेरा ते एकोणीस या अंकांच्या नावांना ‘टीन’ हे शेपूट आहे. गंमत अशी की मराठीत तसे शेपूट शोधले तर अकरा, बारा, तेरा करीत अठरापर्यंतचे सगळे अंक आकारान्त आहेत, आणि एकोणीस मात्र विसाच्या घरात जाऊन बसला आहे! भाषेच्या या योगायोगावर संशोधन उभे करण्यात अर्थ नाही. ‘आठवी ते दहावीत शिकणारे, १ जुलै रोजी १३ ते १६ वर्षे पूर्ण झालेले विद्यार्थी’ असे लिहा आणि पुढे चला.

समवयस्क हा शब्द अधिक लबाड आहे. इंग्रजीतला ‘पीअर’ हा शब्द लॅटिनमधल्या ‘समान’ या अर्थाच्या शब्दापासून आला आहे. त्यात वय कुठेच नाही. आपण त्याचे भाषांतर करताना ‘वयस्क’ आत घातले. खरे तर मराठीत त्याहून नेमका शब्द घरचाच आहे, ‘बरोबरीचा’. ‘ती आपल्या बरोबरीची नाहीत’ असे आजी म्हणते तेव्हा ती जन्मतारीख तपासत नसते. तुमच्या आळीतल्या क्रिकेटच्या संघाकडे पाहा. त्यात सातवीतला एक, दहावीतले चार आणि शाळा सोडून गॅरेजात लागलेला एक असतो. बॅट कोणाची, चेंडू कोणाचा, पहिली फलंदाजी कोणाची हे ठरवताना ते बरोबरीचे असतात. उलट वर्गात शेजारी बसणारा, त्याच महिन्यात जन्मलेला एखादा मुलगा तुमच्याशी वर्षभरात चार वाक्ये बोललेला नसतो. तो समवयस्क आहे. पण त्याचा दबाव मोजून काय मिळणार? शिवाय एक जिवलग मित्र, पाचसहा जणांचा कंपू, सगळा वर्ग आणि मोबाइलवरच्या गटातली कधी न भेटलेली मुले या चार वेगळ्या गोष्टी आहेत. यातली कोणती घेतली ते सांगावेच लागेल. चारही घ्या असा आग्रह मी धरणार नाही. एक घ्या, पण नाव घालून घ्या.

राहिला दबाव. इथे जरा थांबू या, कारण घोटाळ्याचे मूळ इथे आहे.

लाकडी फूटपट्टी टेबलाच्या कडेबाहेर अर्धी काढा आणि टेबलावरचा भाग घट्ट दाबून धरा. बाहेरच्या टोकाला दोऱ्याने एक वजन टांगा. पट्टी वाकेल. आता तेच वजन दुप्पट जाडीच्या पट्टीला टांगा. ती फारच थोडी वाकेल. वजन तेच असताना वाकणे वेगळे, कारण पट्टीचा ताठरपणा वेगळा. इथे तीन राशी आहेत : टांगलेला भार, पट्टीचे वाकणे आणि पट्टीचा ताठरपणा. नुसते वाकणे पाहून भार सांगता येत नाही. जाड पट्टी वाकलेली दिसली नाही म्हणून तिच्यावर भार नाही असे कोणी म्हणणार नाही. आणि एखादी पट्टी सुतारानेच वाकडी कापलेली असेल, तर तिच्या बाकाचा दोष वजनाला कसा द्यायचा?

मुलांच्या बाबतीत या तिन्ही राशींना आपण सरसकट ‘दबाव’ म्हणतो. मित्रांनी ओढले, तो दबाव. मुलगा त्यांच्यासारखा वागला, तो दबाव. तो मनाने हळवा आहे, तोही दबावच! माणूस पट्टीपेक्षा फार गुंतागुंतीचा आहे हे मला मान्य आहे, पण निदान पट्टीइतकी शिस्त तरी त्याच्या वाट्याला यावी.

शास्त्रज्ञांनी या राशी कशा वेगळ्या केल्या हे बघण्यासारखे आहे. सॉलोमन अ‍ॅश या मानसशास्त्रज्ञाचा प्रयोग प्रसिद्ध आहे. अमेरिकेतल्या महाविद्यालयीन तरुणांना एका कार्डावरची एक रेघ दाखवायची आणि दुसऱ्या कार्डावरच्या तीन रेघांतली तिच्याइतकी लांब कोणती ते सर्वांसमक्ष विचारायचे. खोलीत सातआठ जण असत. पण खरा परीक्षार्थी एकच, बाकीचे आधी पढवलेले. १८ वेळा रेघा दाखवीत आणि त्यातल्या १२ वेळा पढवलेले सर्वजण एकमुखाने चुकीची रेघ सांगत. एकट्याने पाहताना शंभरात एक चूकही होत नाही असा सोपा प्रश्न! तरी १९५५ साली अ‍ॅश यांनी दिलेल्या माहितीनुसार १२३ जणांच्या उत्तरांपैकी शेकडा सुमारे ३७ उत्तरे बहुमताच्या बाजूने, म्हणजे चुकीची आली. मात्र सुमारे एक चतुर्थांश तरुण एकदाही झुकले नाहीत. आणि पढवलेल्यांपैकी एकाने जरी खरे उत्तर दिले, तरी परीक्षार्थीच्या चुका चौथ्या हिश्श्यावर येत.

यात अ‍ॅश यांनी मोजले काय? झुकणे. भार त्यांनी स्वतःच ठरवून सर्वांवर सारखा ठेवला होता. कोणी परीक्षार्थीला ‘आमच्यासारखे बोल’ म्हटले नव्हते, चिडवले नव्हते. नुसते एकमत होते. आणि जे झुकले नाहीत त्यांच्यावर दबाव नव्हता असे म्हणता येत नाही. नंतरच्या बोलण्यात त्यांच्यापैकी काहींनी आपली चलबिचल सांगितली आहे.

झुकलेल्यांचीही कारणे एक नव्हती. काहींना वाटले, इतके जण म्हणतात तर आपलेच डोळे फसत असतील. काहींना आपले उत्तर बरोबर आहे हे ठाऊक होते, पण वेगळे पडायचे नव्हते. मॉर्टन डॉइच आणि हॅरल्ड जेरार्ड यांनी १९५५ मध्येच या दोहोंना दोन नावे दिली. इतरांकडे माहितीचा स्रोत म्हणून पाहणे हा एक प्रभाव, आणि त्यांची मर्जी सांभाळणे हा दुसरा. पहिल्याचा स्वच्छ नमुना मुझफ्फर शेरीफ यांच्या १९३५ च्या प्रयोगात मिळतो. गडद अंधाऱ्या खोलीतला प्रकाशाचा स्थिर ठिपका आपल्याला हलल्यासारखा भासतो. तो किती हलला, हे एकेकट्याला विचारले की ज्याचा त्याचा आकडा वेगळा. गटात विचारले की सगळ्यांचे आकडे हळूहळू जवळ येतात. इथे कोणी कोणाला भीत नाही. फक्त आधाराला दुसरे काही नाही. नव्या शाळेत आलेला मुलगा डबा कुठे खायचा हे इतरांना पाहून ठरवतो, तेव्हा तो दबावाखाली आहे की माहिती घेत आहे?

तिसरी तऱ्हा पाहा. मार्गो गार्डनर आणि लॉरेन्स स्टाइनबर्ग यांनी २००५ मध्ये ३०६ जणांना संगणकावरचा मोटारीचा खेळ दिला. पिवळा दिवा लागल्यावर गाडी जितकी पुढे न्याल तितका फायदा, पण धडकली तर तोटा. काही जण एकटे खेळले, तर काहींच्या सोबतीला त्यांच्याच वयाचे दोघे होते. सोबत असताना १३ ते १६ वयाच्या मुलांनी घेतलेला धोका जितका वाढला, तितका चोवीस व त्यावरील मोठ्या माणसांचा वाढला नाही. स्टाइनबर्ग व त्यांच्या सहकाऱ्यांच्या २०११ च्या प्रयोगात तर मित्र शेजारच्या खोलीतून पाहत होते, तरी किशोरांनी अधिक धोका पत्करला. इथे ‘दबाव’ या शब्दाच्या जागी ‘सोबत’ किंवा ‘कोणीतरी पाहते आहे ही जाणीव’ असे लिहिणे अधिक प्रामाणिक ठरेल. अ‍ॅश यांचा आकडा आणि हा आकडा एका रकान्यात मांडता येणार नाहीत.

आणि सुतारानेच वाकड्या कापलेल्या पट्टीचे काय? दोन मित्र दोघेही तंबाखू खातात असे दिसले की आपण म्हणतो, एकाने दुसऱ्याला बिघडवले. पण कदाचित दोघेही आधीपासून खात असतील आणि म्हणूनच त्यांची मैत्री जमली असेल! डेनिस कँडेल यांनी न्यूयॉर्क राज्यातल्या माध्यमिक शाळांत एकाच शालेय वर्षात दोन वेळा माहिती घेऊन मित्रांच्या जोड्या तपासल्या आणि १९७८ मध्ये निष्कर्ष मांडला. मित्रांमधल्या सारखेपणात दोन्हींचा हात असतो. काही सारखेपणा मैत्री होण्याआधीचा, तर काही मैत्रीनंतर आलेला. एकदाच भरून घेतलेल्या प्रश्नावलीतून हे दोन वेगळे करता येत नाहीत. म्हणून ‘मित्रांसारखे वागणे म्हणजे दबाव’ अशी व्याख्या कधीही करू नका. जे कारण शोधायला निघालात तेच व्याख्येत दडवून ठेवले, तर ते सापडणारच; त्यात संशोधन कुठले?

तर मग शाळकरी संशोधकाने व्याख्या लिहावी कशी? मी एक नमुना देतो. तो उतरवून घेऊ नका, त्याची मोडतोड करा.

‘या प्रकल्पात मित्रांचा दबाव म्हणजे, विद्यार्थी ज्यांच्यासोबत आठवड्यातून निदान तीन दिवस मधली सुट्टी किंवा खेळाची वेळ घालवतो अशा एका वा अधिक मुलामुलींनी, गेल्या सात दिवसांत, त्याने एखादी गोष्ट करावी किंवा करू नये म्हणून त्याला सांगितले, चिडवले, वगळले किंवा अट घातली, असे विद्यार्थ्याने स्वतः नोंदवणे.’

वाक्य लांबलचक आणि बेढब आहे, पण त्यातला शब्द न् शब्द कामाचा आहे. ‘सात दिवस’ आहे, कारण ‘कधीतरी’ विचारले तर स्मरणशक्तीचीच परीक्षा होते. ‘करू नये’ आहे, कारण ‘त्याच्याशी बोलू नकोस’ हा दबाव फार मोठा असतो आणि प्रश्नावलीत तो हमखास राहून जातो. ‘वाईट’ हा शब्द त्यात नाही. वक्तृत्व स्पर्धेत नाव दे म्हणून मागे लागणे हेही या व्याख्येत बसते, आणि बसलेच पाहिजे. बरे-वाईट पुढच्या रकान्यात नोंदवा. शेवटचे ‘स्वतः नोंदवणे’ हे शब्द तर कधीच गाळू नका. कारण तुम्ही मोजता आहात ती मुलाने सांगितलेली गोष्ट आहे, तुम्ही डोळ्यांनी पाहिलेली नव्हे.

मोबाइल नसल्याचे टोचणारी ती मुलगी या व्याख्येत येत नाही. ती बाहेर राहिली हे मला ठाऊक आहे, आणि तिच्यासाठी ‘इतरांसारखे असण्याची ओढ’ असा दुसरा शब्द नि दुसरा प्रश्न लागेल. व्याख्येबाहेर काय राहिले हे सांगता येणे, हीच ती व्याख्या खरी असल्याची खूण समजा.

झुकण्याचा प्रश्न वेगळा विचारा : ‘मग तुम्ही ती गोष्ट केलीत का?’ म्हणजे चार गट पडतात. दबाव आला आणि केले, दबाव आला पण केले नाही, दबाव आला नाही तरी केले, आणि दोन्ही नाही. ‘हो / नाही’ च्या जुन्या प्रश्नात हा दुसरा गट कुठेच दिसत नसे. माझ्या मते सगळ्या प्रकल्पातला तोच सर्वांत मोलाचा गट आहे. ती मुले ताठ कशी राहिली, त्यांना कोणाची साथ होती, हे विचारण्याजोगे आहे.

व्याख्या तयार झाली की तिची पारख करा. दहा चिठ्ठ्यांवर दहा छोटे प्रसंग लिहा. गटातल्या दोघांनी एकमेकांना न विचारता ‘व्याख्येत बसतो’ आणि ‘बसत नाही’ असे ढीग करावेत. दहापैकी नऊ चिठ्ठ्यांवर एकमत झाले तर ठीक. सहांवरच झाले तर व्याख्या सैल आहे. मतभेदाच्या चार चिठ्ठ्या समोर ठेवून कोणता शब्द दगा देतो ते शोधा. नंतर पाचसहा मुलांना प्रश्न वाचायला देऊन ‘यात तुम्हाला काय विचारले आहे?’ एवढेच विचारा. त्यांनी सांगितलेला अर्थ ऐकून तुम्ही चकित व्हाल.

आणखी एक काळजी. कपभर कोमट पाण्यात मोठा थंडगार तापमापक बुडवला तर तो पाण्याचीच थोडी उष्णता खातो आणि मोजमाप बिघडते. तुमची प्रश्नावलीही तसे करू शकते. मित्रांच्या दबावाविषयीचा कागद मित्राशेजारी बसून, तो डोकावत असताना भरायचा, म्हणजे अ‍ॅश यांचा प्रयोग नकळत पुन्हा मांडणेच झाले! मुलांना दूर दूर बसवा. नावे लिहून घेऊ नका. शिक्षकांच्या हाती कागद न देता घडी घालून खोक्यात टाकू द्या. ज्याला भरायचा नसेल त्याने कोराच कागद टाकावा, आणि ही सवलत आधी मोठ्याने सांगा. तंबाखू, मारामारी, घरचे पैसे असे विषय असतील तर मुख्याध्यापकांची आणि पालकांची संमती घेतल्याशिवाय एकही कागद वाटू नका. एखादे उत्तर वाचून ते कोणाचे हे ओळखू आले, तर ते गटाबाहेर बोलायचे नाही, असे पहिल्याच दिवशी ठरवा. मात्र कोणाला इजा होते आहे असे एखाद्या कागदातून दिसले, तर तो मार्गदर्शक शिक्षकांना दाखवा.

काम अर्ध्यावर आल्यानंतर व्याख्या अपुरी आहे असे लक्षात आले तर ती जरूर बदला. पण बदललेल्या व्याख्येखाली तारीख घाला, आधीचे कागद वेगळ्या पाकिटात ठेवा, दोन्ही वेळचे आकडे स्वतंत्र मांडा आणि जुनी व्याख्या अहवालाच्या जोडपत्रात जशीच्या तशी छापा.